मधे कोणी नको

ट्रामचं दार मिटता मिटता कुमुदवहिनी आतून ओरडल्या, "फोटो काढल्याशिवाय हॉटेलवर येऊ नका. आम्ही आत घेणार नाही!"

त्यांच्या शेजारी माझी बायको शैलजा, खांद्याला दोन पिशव्या अडकवून, मला फार गोड हात हलवत होती. इतक्या गोडीनं तिनं हात हलवल्याचं मला लग्नापासून आठवत नाही. दोघी जावा काचेच्या वस्तू बघायला निघाल्या होत्या. ट्राम नदीकाठानं गेली, वळली, दिसेनाशी झाली. आणि प्राग शहरात, एका वाकड्या इमारतीसमोर, मी आणि माझा थोरला भाऊ भालचंद्र ऊर्फ दादा, असे दोघंच उरलो.

दादा खाकरला. मीही खाकरलो. याहून जास्त संभाषण शक्य नव्हतं, कारण गेली नऊ वर्षं आमचा अबोला होता.

ज्यांच्या घरात कधी अबोला नांदलेला नाही त्यांना थोडं समजावून सांगायला हवं. अबोला म्हणजे न बोलणं नव्हे. न बोलता सांगलीत शेजारी शेजारी राहता येत नाही. कंपाउंड एक, पाण्याचा पंप एक, आई एक. अबोल्यात माणसं भरपूर बोलतात, फक्त मधल्या माणसाशी. मी शैलजाला म्हणायचो, "त्यांना सांग, पंप बंद करा, टाकी वाहतेय." दादा दोन हातांवर उभा असायचा. त्याला अक्षर न् अक्षर ऐकू यायचं, पण तो हलायचा नाही. मग शैलजा म्हणायची, "दादा, हे म्हणताहेत, टाकी वाहतेय." तेव्हा कुठे तो बटणाकडे हात न्यायचा. तोवर अंगणात बादलीभर पाणी झालेलं असायचं, पण तत्त्व कोरडं राहायचं.

हे मधल्या माणसाचं काम नऊ वर्षं आमच्या बायकांनी केलं. पाहुणे आले की त्यांना जरा विसावा मिळे. एकदा तर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाकरवी आम्ही घरपट्टीचा विषय मिटवला होता. तो बिचारा दोन्ही बाजूंना मान फिरवून दमला.

आणि आता मधली दोन्ही माणसं ट्राममध्ये बसून निघून गेली होती.

ही सहल म्हणजे मुळात जावांचं कारस्थान. दादाला सांगितलं होतं की भाऊजी येणार नाहीत, त्यांच्या कॉलेजात परीक्षा आहेत. मला सांगितलं होतं की दादांचे गुडघे दुखताहेत. मुंबईच्या विमानतळावर ट्रॅव्हल कंपनीच्या पिवळ्या झेंड्याखाली परीक्षा आणि गुडघे समोरासमोर आले. दादा वहिनींना म्हणाला, "त्यांना सांग, हा योगायोग आहे." मी शैलजाला म्हणालो, "त्यांना सांग, मलाही तसंच वाटतं." दोघींनी हसू दाबून निरोप पोचवले आणि आम्ही युरोपला निघालो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई आली होती. आई दादाकडे राहायची आणि संध्याकाळचा चहा माझ्याकडे प्यायची. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं त्या वर्षी बळावलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की मधलं दिसायचं जाईल, कडेकडेचं राहील; उपाय फारसा नाही. आई कोंबडीसारखी मान तिरकी करून बघायला लागली होती. त्या दिवशी तिच्या एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात ट्रॅव्हल कंपनीचं पत्रक होतं. पत्रकाच्या शेवटच्या पानावर या इमारतीचा फोटो होता.

"बापू, हे काय रे?"

"नाचणारं घर म्हणतात त्याला. प्रागमध्ये आहे. ही काचेची बाई, हा दगडी पुरुष. दोघं नाचताहेत."

आईनं भिंग पुढेमागे केलं. "नाचताहेत कुठले? भांडताहेत. हा ओढतोय, तो सोडत नाहीये." मग म्हणाली, "पण बघ, कसे चिकटून उभे आहेत."

मी तिच्यापुढे चहाची बशी सरकवली.

"मला इथला एक फोटो आणा. तुम्हा दोघांचा. भालूलाही सांगितलंय मी." तिनं पत्रकाची घडी घातली. "मधे कोणी नको. गेली किती वर्षं बघतेय, प्रत्येक फोटोत तुमच्यामधे कुणीतरी आहेच. कधी ही, कधी ती, चिंटूच्या मुंजीत तर आचारी होता. दिसतंय तोवर एक फोटो बघू दे. नंतर काढलात तर मला काय उपयोग?"

एवढं बोलून ती चहा पिऊन गेली. बशी नेहमीसारखी स्वतः विसळून ठेवली.

आता पॅरिस झालं, स्वित्झर्लंड झालं, व्हिएन्ना झालं. तिन्ही ठिकाणी आम्ही दोघं एका फोटोत आलो, पण मधे दोन जावा, पुण्याच्या एक देशपांडे काकू आणि एकदा टोपी घातलेला बर्फाचा माणूस होता. प्राग हा शेवटचा मुक्काम आणि ही शेवटची दुपार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान.

इमारत पत्रकातल्यापेक्षा वाकडी निघाली. नदीला समांतर रस्ता, रस्त्यात ट्रामचे रूळ, आणि पलीकडे कोपऱ्यावर ती. एक मनोरा गोलाकार आणि ताठ. दुसरा काचेचा, कंबरेत आवळलेला, पहिल्याच्या अंगावर रेललेला. खालचे खांब पाय फाकवून उभे. खिडक्या एका ओळीत नाहीत. एखादी वर, एखादी खाली, जशी चाळीतल्या गॅलरीत वरात बघायला उभी राहिलेली माणसं. आजूबाजूच्या जुन्या इमारती अशा सरळ उभ्या होत्या की जणू काही त्यांनी शेजारी बघितलंच नाही.

दादानं खिशातून ओळंबा काढला.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला पितळी लोळा. गवंडी तो भिंतीशी लोंबता सोडतात आणि भिंत सरळ उठतेय की नाही ते बघतात. दादा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. निवृत्त होताना त्याला घड्याळ, शाल आणि नारळ मिळाला, पण त्याच्या खिशात राहिला तो ओळंबाच. तो रुमाल विसरेल, ओळंबा विसरणार नाही. पत्रकातला फोटो बघितल्यापासून या इमारतीला ओळंबा लावायचा त्याचा पक्का बेत होता. हे मला शैलजाकडून कळलं, तिला वहिनींकडून.

तो फुटपाथच्या कडेला उभा राहिला, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि दोरी इमारतीवर धरली. दोन जपानी मुलींनी त्याचा फोटो काढला.

आमचा अबोला याच ओळंब्यापासून सुरू झाला होता. माझ्या नव्या घराची वास्तुशांत होती. शंभरेक माणसं. दिवाणखान्यात पंगत बसायची होती. दादानं खिशातून हे यंत्र काढलं, रस्त्याकडच्या भिंतीला लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पाऊण इंच बाहेर आहे." मी म्हणालो, "आधी स्वतःच्या जिभेला लाव तो." दादानं ओळंबा गुंडाळला, न जेवता उठला, आणि मधल्या कंपाउंडच्या फटीतून घरी गेला. पुढे नऊ वर्षं त्या फटीतून फक्त आई आणि मांजर ये-जा करत होती.

असो. फोटो काढायचा होता.

मी इतिहास शिकवतो आणि फोटो काढतो. आमच्या टूरमधल्या सगळ्यांकडे डिजिटल कॅमेरे होते. देशपांडे काकू तर आपल्या बुटांचेही फोटो काढत. माझा जुना रोलचा कॅमेरा होता आणि त्याचा मला अभिमान होता. रोलमध्ये शेवटचे दोन फोटो शिल्लक होते. नवे रोल शैलजाच्या पिशवीत होते. पिशवी ट्राममध्ये होती. अभिमान तेवढा माझ्याजवळ होता.

नदीच्या बाजूला कमरेएवढा दगडी कठडा होता. मी कॅमेरा त्यावर ठेवला, खाली रुमालाची घडी सरकवली. टायमर लावला की धावत जाऊन उभं राहायचं. अडचण एवढीच, की दादानं कुठे उभं राहायचं हे त्याला सांगायला माणूस हवा.

मी इकडेतिकडे बघितलं. कठड्यालगतच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. डोक्याला रुमाल, पायाशी आखूड पायांचा तपकिरी कुत्रा. ती कुत्र्याला पावाचे तुकडे घालत होती.

पण दादाच आधी पोचला. आपण निवृत्त झालो तरी पुढाकार सोडलेला नाही, हे दाखवायची तो संधी सोडत नसे. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "बाई, त्यांना सांगा, कॅमेरा डावीकडे कललाय."

बाईंनी वर बघितलं. "प्रोसिम?" म्हणजे बहुधा, काय म्हणालात?

मीही दोन पावलं पुढे झालो. "बाई, त्यांना सांगा, मी पंचवीस वर्षं फोटो काढतोय."

"त्यांना सांगा, पंचवीस वर्षं डावीकडेच कललेले निघताहेत."

"त्यांना सांगा, तिकडे त्या दिव्याच्या खांबाजवळ उभे राहा. खांबाला न टेकता."

बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण अबोल्याच्या नियमांत मधल्या माणसाला भाषा यायलाच हवी असं कुठे आहे? त्यांनी फक्त मधे असायला हवं. ते काम त्या बसल्या जागी उत्तम करत होत्या. कुत्राही मान वळवून ऐकत होता.

दादा खांबाजवळ जाऊन उभा राहिला. मी टायमरचा खटका दाबला, धावलो आणि त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभा राहिलो. आम्ही दोघं समोर बघत होतो, जसे पासपोर्टच्या फोटोला बघतात. कॅमेरा कुरकुर आवाज करत होता. तेवढ्यात मागून खडखडाट आला. खटका पडला, आणि मी वळून बघितलं तर इमारत नव्हती. इमारतीच्या जागी ट्राम होती, आणि ट्रामवर भलंमोठं टरबूज रंगवलेलं होतं.

ट्राम निघून गेल्यावर इमारत पुन्हा दिसायला लागली. तिला काहीच झालेलं नव्हतं. मी कॅमेऱ्याजवळ परत आलो.

"बाई," दादा लांबूनच म्हणाला, "त्यांना सांगा, ट्रामची वेळ बघून खटका दाबायचा असतो."

"बाई, त्यांना सांगा, ट्राम माझ्या काकाची नाही."

"त्यांना सांगा, आता किती उरलेत?"

मी एक बोट वर केलं. आणि मग दादाचा चेहरा बघितला. मघापासूनचा त्याचा तोरा उतरला होता. तो इमारतीकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. मान तिरकी करून, एका डोळ्यानं, तो त्या दगडी कठड्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघत होता. ही बघायची पद्धत मला ओळखीची होती. आईच्या डोळ्यांत औषध तोच घालायचा, सकाळ-संध्याकाळ.

बाईंना एवढं कळलं, की या दोन म्हाताऱ्यांना फोटो हवाय आणि तो जमत नाहीये. त्या उठल्या. कुत्र्याची दोरी बाकाला अडकवली, कठड्यावरून कॅमेरा उचलला आणि मला ढकललंच म्हणायला हरकत नाही, दादाच्या दिशेला.

मी गेलो. खांबाजवळ उभा राहिलो. समोर बघितलं.

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला होता आणि हळूहळू तो तिरका करत होत्या. हे मी मघापासून बघत होतो. या इमारतीसमोर जो येतो त्याची पहिली चूक ही. त्याला वाटतं आपलाच कॅमेरा वाकडा आहे, म्हणून तो कॅमेरा फिरवत फिरवत तो काचेचा मनोरा सरळ करतो. मनोरा सरळ होतो, आणि समोरची माणसं अशी दिसतात की आत्ता घसरून नदीत पडतील. बाईंनी कॅमेरा चांगलाच कलवला. रस्त्यावर मोटारींचा आवाज होता. मी ओरडलो, हातवारे केले. त्यांनी एका हातानं मला, "हलू नका" अशी खूण केली.

त्यांना सरळ रेघ दाखवायला हवी होती. आणि त्या चौकात, इमारत, दिव्याचा वाकवलेला खांब, झाडं, सगळं धरून, खात्रीनं सरळ अशी एकच गोष्ट होती. ती दादाच्या खिशात होती.

"बाई, त्यांना सांगा—" मी सुरुवात केली आणि थांबलो. बाई कॅमेऱ्याच्या मागे होत्या. मधे कोणी नव्हतं. मधलं माणूस आम्ही आमच्या हातानं पलीकडे पाठवलं होतं.

"दादा," मी म्हणालो. "ओळंबा काढ."

दादा हलला नाही. सवयीनं तो निरोप पोचण्याची वाट बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं असावं, की निरोप पोचलाय.

"कुणाला म्हणालास?"

"तुला. दुसरं कोण आहे इथे? काढ आणि धर लोंबता. त्या बाईला सरळ काय ते कळू दे."

त्यानं खिशात हात घातला. ओळंबा काढला, पण सोडला नाही, मुठीत धरला.

"आता आठवला का ओळंबा?"

"दादा, शेवटचा फोटो आहे."

"तेव्हा म्हणालास, जिभेला लाव."

"म्हणणार नाही तर काय! शंभर माणसं घरात, आणि तू भिंत मोजतोस? आमचे प्राचार्य त्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांना तू 'जरा सरका' म्हणालास!"

"मग? ते टेकले होते म्हणूनच मला जास्त काळजी वाटली."

"पाऊण इंचानं भिंत पडते?"

"पाऊण इंचानं नाही पडत!" दादानं माझ्या छातीवर बोट रोवलं. "मला शिकवतोस? पण तू सगळ्यांना काय सांगत सुटला होतास? पुढच्या वर्षी वर दोन खोल्या चढवणार. गवंडी भुरटा, खालची भिंत बाहेर, आणि हे वर मजला चढवणार! खाली आई रोज चहाला येऊन बसणार. मी काय करू? जिलबी खाऊ?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं होतंस. एकट्याला!"

"एकट्याला सांगितलेलं तू जन्मात ऐकलंयस? आयर्विन पुलाखाली पोहू नको म्हणून एकट्याला सांगितलं, पोहलास. दुचाकीला ब्रेक नाहीत म्हणून एकट्याला सांगितलं, घेऊन गेलास. हात कोणाचा मोडला?"

"आणि चारचौघांत सांगितलेलं मी ऐकलं, असं म्हणायचंय का तुला?"

"ऐकलंस."

"कधी?" मी त्याच्या हातातली ओळंब्याची दोरी हिसकायला गेलो. "कधी ऐकलं? सांग की!"

"मजला चढवलास का?" दादा म्हणाला.

मजला चढवला नव्हता हे खरं. त्याला बरीच कारणं होती. ती मी तिथल्या तिथे सांगू शकलो असतो, पण त्या वेळी एकही आठवेना.

बाई समोर येऊन उभ्या होत्या. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, माझ्या दंडावर थोपटलं, मग दादाच्या. काहीतरी म्हणाल्या. आमच्याबद्दल की इमारतीबद्दल, देव जाणे. फोटो कधीचाच काढून झाला होता. कुत्र्याची दोरी सोडवून त्या नदीकाठानं निघून गेल्या.

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. रोल संपला होता.

आम्ही बाकावर जाऊन बसलो. नदीत हंस होते. मग दादा म्हणाला, "ही पडणार नाही."

"कोण?"

"इमारत. खालचे खांब बघितलेस? वाकडे आहेत, पण वजन बरोबर खाली नेताहेत. वाकडी आहे, पण हिशेबानं वाकडी आहे." मग ओळंबा गुंडाळत म्हणाला, "तुझी भिंत बेहिशेबी होती."

मी म्हणालो, "चल, पाच वाजत आले."

हॉटेलच्या दारात दोघी जावा काचेच्या वाट्या घेऊन उभ्या होत्या. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे का आमची?"

शैलजा नऊ वर्षांच्या सवयीनं माझ्याकडे वळली. "अहो, दादा विचारताहेत—" आणि मधेच थांबली. वहिनींनी वाट्यांचं खोकं खाली ठेवलं, कारण हातातून पडलं असतं.

सांगलीला आल्यावर मी रोल धुवायला टाकला. फोटो घेऊन दुकानाबाहेर पडलो आणि तिथेच, पानाच्या गादीजवळ उभा राहून बघितला. कॅमेरा-क्लबचा चिटणीस म्हणून सांगतो, इतका वाईट फोटो माझ्या कॅमेऱ्यातून कधी निघाला नव्हता. एका कोपऱ्यात बाईंचं बोट आलेलं. इमारत अर्धीच, आणि तीही कललेली. पुढे दोन म्हातारे. थोरल्याचं बोट धाकट्याच्या छातीत रुतलेलं, धाकट्याच्या मुठीत दोरी, दोरीच्या टोकाला लोळा आडवा उडालेला. दोघांची तोंडं उघडी. माझी खालची कवळी दिसत होती.

दादाला दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला. "हा आईला दाखवू नको," तो म्हणाला. "एवढ्या लांब जाऊन कुत्र्यामांजरासारखे भांडत होतो म्हणेल."

"मलाही तेच वाटतं."

"रोल खराब झाला म्हणून सांगू."

"हो. ऊन लागलं म्हणू."

नऊ वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. ते अर्धा तास टिकलं. आम्ही चहा पीत बसलो होतो तोवर शैलजानं माझ्या सदऱ्याच्या खिशातून फोटोंचं पाकीट काढून आईच्या हातात दिलं होतं.

आई पायरीवर उन्हात बसली. फोटो डोळ्याशी नेला, भिंग लावलं, मान तिरकी केली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. कडेच्या नजरेनं एकेक तुकडा टिपत होती. आम्ही दोघं दारात उभे होतो, प्रगतिपुस्तक घेऊन उभं राहावं तसे.

"मधे कोणी नाही," ती म्हणाली.

भिंग खाली सरकलं.

"ही दोरी कशाची?"

"ओळंबा," दादा म्हणाला.

"तिकडेसुद्धा नेलास?"

दादा चुळबुळला.

भिंग पुन्हा फिरलं. या वेळी फार सावकाश. कुठे थांबलं ते आम्हाला दिसत होतं. आधी दादाच्या तोंडावर, मग माझ्या. मग परत दादाच्या.

"तोंडं उघडी आहेत रे दोघांची."

"अगं आई, ते जरा—" मी म्हणालो.

"थांब. मला बघू दे." तिचं भिंग हलत नव्हतं. "एकमेकाकडे तोंड करून आहेत. मधे कोणी नाही, आणि तोंडं उघडी." तिनं फोटो पदरानं पुसला, उगाचच, त्यावर काही नव्हतं. "हा चांगला निघालाय. हाच मोठा करून आण."

फोटो मोठा करून आणला. तिची नजर त्यानंतर भराभरा गेली. फ्रेम तयार होऊन आली तोवर तिला दाराचा उजेड आणि हलणारी माणसं एवढंच कळत होतं. फोटो कुठे लावायचा, तर आई म्हणाली, बापूच्या दिवाणखान्यात, रस्त्याकडच्या भिंतीवर. तीच भिंत. वादाला जागा नव्हती.

दादा खिळा ठोकायला आला. अर्थात ओळंबा घेऊन. शिडीवर मी होतो, खाली तो. आई समोर वेताच्या खुर्चीत, हातात बशी.

"सरळ लागला का रे?" आईनं विचारलं.

"लागला," दादा म्हणाला.

"नाही लागला," मी म्हणालो. "डावीकडे खाली आहे."

"डावीकडे तुझा डोळा खाली आहे. दोरी बघ."

"दोरी फ्रेमशी धरलीयस कुठे? तू भिंतीशी धरलीयस. भिंत तूच बाहेर आहे म्हणतोस ना?"

"आहेच बाहेर! पाऊण इंच!"

"नऊ वर्षांत पडली का?"

"वर मजला नाही म्हणून उभी आहे!"

आई खुर्चीत मागे टेकली. बशीतला चहा संपवला. आम्ही दोघं दम खायला थांबलो, तसा तिनं मान तिरकी केली आणि जणू काही आधी विचारलंच नव्हतं, अशा आवाजात पुन्हा विचारलं,

"सरळ लागला का रे?"